कुंकू न लावलेली पत्रिका

बसा, मंडळी, बसा! मागं खांबाला टेकून उभे आहात ना, ते पुढं सरका. देवाच्या दारात जागा पुष्कळ आहे, आपण फक्त मांडी जरा आवरून घालायची. हां, असं! आणि ज्यांचे फोन चालू आहेत त्यांनी ते बंद करू नका बरं का. आज पहिल्यांदाच एक कीर्तनकार सांगतोय — फोन जवळ ठेवा. आजचं आख्यान त्या फोनाचंच आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. खरं उत्तर द्यायचं. विश्वास ठेवणारा शहाणा, की संशय घेणारा शहाणा? विश्वासवाल्यांनी हात वर करा! ...आता संशयवाल्यांनी! ...आणि ही मधली मंडळी? दोन्ही वेळेला हात मांडीवरच! त्यांना वाटतंय, बुवा काहीतरी डाव टाकतोय. अहो, मग तुम्ही संशयवालेच झालात की!

पण हसण्यावारी नेऊ नका. प्रश्न अवघड आहे. सगळ्यांवर विश्वास ठेवावा, तर घर धुऊन निघतं. सगळ्यांवर संशय घ्यावा, तर घरात माणूस येत नाही. मग प्रपंच करायचा कसा? पूर्वी चोर भिंत फोडून यायचा. तोंडाला फडकं बांधायचा, म्हणजे निदान ओळखू तरी यायचा! आताचा चोर तुमच्या मामाचं नाव लावून येतो, बँकेच्या साहेबाचा आवाज काढून येतो. ‘तुमची लाईट आज तोडणार’ म्हणतो, ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ म्हणतो. काय बाळोबा, पेटी वाजवता वाजवता थांबलात का? तुम्हाला पण लागलं होतं ना बक्षीस? मान खाली घालू नका, बाळोबा. या मांडवात तुम्ही एकटे नाही!

तर मंडळी, ऐका.

तांबडमाळ नावाचं गाव. ऊस आहे, म्हशी आहेत, गावात दुधाची डेअरी आहे. आणि गावात एक बाई आहे — हौसाबाई. सगळा गाव तिला हौसाकाकी म्हणतो. आणि ही हौसाकाकी कशासाठी प्रसिद्ध? दानासाठी? नाही! गाण्यासाठी? नाही! रुसण्यासाठी!

हसू नका! रुसणं ही साधी गोष्ट आहे का? त्याला स्मरणशक्ती लागते! कोणाच्या बारशाला आपल्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, कोणाच्या हळदी-कुंकवाला वाण देताना कोणी तोंड फिरवलं, सगळं ध्यानात. आमंत्रण द्यायला कोणी रस्त्यातच गाठलं — ‘काकी, उद्या या बरं का आमच्याकडं’ — तर ही म्हणायची, ‘रस्त्यात बोलावलंस न्हवं? मग मी रस्त्यातच येऊन हुबी राहते!’ आमंत्रण घरी येऊन द्यायचं, पत्रिकेला हळद-कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, ‘काकी, यायचं’ असं तोंडानं म्हणायचं. यातलं एक जरी चुकलं तरी हौसाकाकी यायची नाही. गाव मागं हसायचा. ‘काकीचा मान म्हंजे पाणी भरल्याली घागर, जरा धक्का लागला की सांडली!’ मंडळी, आज मी त्या बाईला हसायला आलेलो नाही. तिला नमस्कार करायला आलोय. का, ते ऐका!

हिचे मालक नामदेवराव — अगदी मऊ माणूस. धाकटा दीर दिनकर. त्याची बायको इंदुमती, म्हणजे हौसाकाकीची धाकटी जाऊ. दोघा भावांची घरं एकाच गल्लीत, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. आणि दोन्ही घरांत — अबोला! कित्येक वर्षांचा!

कारण काय? जमीन? नाही. दागिने? नाही. इंदूनं नवीन घर बांधलं, वास्तुशांत केली. दोनशे माणसं जेवली. आणि त्या गर्दीत थोरल्या जावेची ओटी भरायची राहिली! बायका, तुम्हाला कळलं बघा. पुरुष मंडळी एकमेकांकडं बघतायत — एवढंच? अहो, एवढंच कसं? सुवासीण घरची, त्यातून थोरली, आणि रिकाम्या पदरानं परत! हौसाकाकी जी त्या उंबऱ्यावरून उठली, ती परत त्या घराची पायरी चढली नाही.

आता मधल्या काळात काय झालं? दिनकरच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन लागणार, आणि उशीर करून चालणार नाही. इंदूनं दोन दुभत्या म्हशी विकल्या. माहेरच्यांनी हात दिला, भावकीनं हात दिला. सगळा पैसा इंदूच्या बँकेतल्या खात्यावर जमा झाला. दुसऱ्या दिवशी मिरजेला दाखल व्हायचं ठरलं. म्हणजे बघा, त्या खात्यात काय होतं? एका माणसाचं आयुष्य होतं!

आणि हौसाकाकी? दिराच्या काळजीनं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. रोज देवापुढं दिवा लावताना एक वात दिराच्या नावाची. पण जाऊन विचारणार? छे! मान आडवा आला ना!

मिरजेला निघायच्या आदल्या सकाळी — काकी भाकरी थापतीय, नामदेवराव चहा पितायत — काकीचा फोन वाजला, टुंग! नामदेवरावांनी बघितलं आणि बशी हातातच राहिली.

‘अगं, इंदूच्या फोनवरनं आलंय!’

‘कुणाच्या?’

‘इंदूच्या. लग्नाची पत्रिका हाय. आमच्या मुलीच्या लग्नास सहकुटुंब येण्याचे करावे, पत्रिका उघडून पाहावी, असं लिवलंय.’

मंडळी, तव्यावरची भाकरी करपली! इंदूला मुलगी एकच — रेवती. हौसाकाकीच्या मांडीवर वाढलेली. तिचं लग्न? आणि फोनवर पत्रिका?

नामदेवराव म्हणाले, ‘असंल बाई. दिनकरचं ऑपरेशन हाय. त्याला वाटलं असंल, आधी पोरीचे हात पिवळे करावं. घाईत ठरलं असंल. पण काल डेअरीच्या कट्ट्यावर भेटला तवा मला तर काय बोलला न्हाई...’

‘डेअरीच्या कट्ट्यावर? म्हंजे तुम्ही भेटता व्हय त्याला?’

मेले नामदेवराव! भाऊ-भाऊ रोज सकाळी गुपचूप भेटत होते, ते असं बाहेर पडलं! पण बघा, नवऱ्याचं म्हणणं कसं पटण्यासारखं होतं. बाप आजारी, लेक लग्नाची, घाईत सोयरीक. सगळं जुळतंय! चोराला यातलं काही ठाऊक होतं का? काही नाही. चोरानं नुसतं ‘मुलीचं लग्न’ लिहिलं. पुढची गोष्ट आपणच आपल्या मनानं रचली. हे ध्यानात ठेवा. चोर अर्धंच बोलतो, उरलेलं आपण भरतो!

नामदेवरावांचं बोट त्या पत्रिकेवर निघालं. उघडणार, एवढ्यात — फटाक्! काकीनं पिठाच्या हातानं त्यांचा हात झटकला.

‘खबरदार! कुंकू न लावलेली पत्रिका ह्या घरात उघडायची न्हाई!’

वाजवा टाळ्या! ...नको, थांबा. आत्ताच नको. कारण खरं सांगायचं तर तिला चोराचा संशय अजिबात आला नव्हता. तिला राग जावेचा आला होता! आख्यान सांगताना मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

आता गावातली बाकीची घरं बघू. तोच निरोप डेअरीच्या चेअरमनसाहेबांना, तोच भावकीतल्या यशवंताला, तोच शेजारच्या सुमनला. सगळ्यांनी उघडला! का उघडला? लोभ होता का? बक्षीस होतं का? नाही हो! ते सगळे भले होते म्हणून उघडला. ‘इंदूच्या घरचं कार्य आहे, पत्रिका बघितलीच नाही तर तिला वाईट वाटेल, आमंत्रण धुडकावल्यासारखं होईल.’ मंडळी, माणसाचा लोभ जसा पकडता येतो, तसा त्याचा चांगुलपणाही पकडता येतो. ती पत्रिका नव्हतीच! पत्रिकेच्या नावाखाली फोनात शिरणारा एक चोरटा कार्यक्रम होता. ‘उघडा’वर बोट पडलं, मग ‘परवानगी द्या’वर बोट पडलं, की चोर आत! तुमचे निरोप तो वाचणार, बँकेनं तुमच्या फोनवर पाठवलेला गुप्त आकडा तुमच्या आधी तो बघणार, आणि तुमच्याच नावानं तुमच्या सोयऱ्यांना पुढची पत्रिका पाठवणार.

इकडं काकी काय करतेय? चुलीपुढं बसलीय. दोन मनं झाली तिची. एक मन म्हणतं, ‘गप बस, हौसा. तिनं मान ठेवला न्हाई, तू कशाला विचारतीस?’ आणि दुसरं मन — ते दुसरं मन मोठं चिवट — म्हणतं, ‘असं व्हईलच कसं?’

का म्हणून? ऐका. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. लग्नाआधी हळद कुटतात, घाणा भरतात — मुसळांना आंब्याची पानं बांधायची, सुवासिनींनी गाणी म्हणत हळद कुटायची. त्या घरात घाण्याला पहिला हात थोरल्या सुनेचा. सासूनं मरताना दोन्ही सुनांचे हात एकमेकींच्या हातात देऊन सांगितलं होतं, ‘भांडा, पण घाण्याला दोघी या.’ काकी स्वतःशीच म्हणाली, ‘इंदू माझ्याशी बोलणार न्हाई, मला शिव्या दील, माझ्या नावानं बोटं मोडंल. पण सासूबाईंचा शबुद मोडून माझ्याबिगार घाणा भरंल? इंदू? न्हाई. ती तशी न्हवं.’

बघा मंडळी, कसं गमतीचं आहे! जिच्याशी बोलणं नाही, तिच्यावर केवढा विश्वास! रागाच्या खाली तळाशी तो विश्वास शाबूत होता. आणि म्हणूनच त्या निरोपावर संशय आला. विश्वास आणि संशय एकाच चुलीपुढं बसलेले. मग दोघांचं भांडण मिटवायचं कसं? काकी उठली. पदर खोचला, फोन उचलला. पिठाचे हात तसेच.

‘कुठं निघालीस?’ नामदेवराव विचारतात.

‘इचारायला!’

मंडळी, इथं मी नमस्कार करतो. ‘विचारायला’ — एवढा एकच शब्द! सोपा वाटतो ना? मानी माणसाला विचारून बघा किती जड असतो तो! जिच्या दारावरून जाताना इतकी वर्षं मान फिरवली, त्या दाराशी स्वतःच्या पायानं जायचं, आणि सगळ्या गल्लीच्या देखत! बायका पाण्याचे हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. आज काय रामायण होतंय!

काकी अंगणात जाऊन उभी राहिली. पायरी चढली नाही. तिथूनच हाक —

‘इंदेऽऽ! भाईर ये!’

इंदू बाहेर आली. मिरजेला जायच्या पिशव्या भरत होती बिचारी, हातात दिनकरचा स्वेटर. थोरल्या जावेला अंगणात बघून ती उंबऱ्यातच थबकली.

‘लग्न ठरवलंस? ठरीव. माझी आडकाठी न्हाई. पर फोनवर पत्रिका धाडतीस मला?’

‘कुणाचं लगीन, आक्का?’

‘रेवतीचं!’

तेवढ्यात न्हाऊन केस पुसत रेवती बाहेर आली. ‘थोरल्या आई, माझं लग्न? कुणाशी?’

हसा, हसा! गल्लीही हसली. आत खाटेवर पडलेला दिनकरसुद्धा हसला. पण काकी हसली नाही. तिनं आपला फोन पुढं केला — ‘मग ह्ये काय?’

रेवतीनं वाचलं. ती आत धावली, आईचा फोन घेऊन आली. फोन तव्यासारखा तापलेला! निरोप आपोआप जातायत, एकामागून एक. बँकेचे संदेश येतायत आणि डोळ्यांदेखत पुसले जातायत.

‘आई! तू कसली पत्रिका उघडली होतीस का?’

इंदू म्हणाली, ‘काल संध्याकाळी. मामाच्या नंबरावरनं आली होती. उघडली, पर आत काय दिसलंच न्हाई. मला वाटलं, आपल्याला उघडता येत न्हाई. मामाला फोन करून इचारावं म्हटलं, पर एवढं काय इचारायचं, म्हणून राहिलं.’

ऐकलंत? ‘एवढं काय विचारायचं!’ मंडळी, या तीन शब्दांनी घरं बसलीयत!

‘आई, खात्यात बाबांच्या ऑपरेशनचे पैसे आहेत!’ रेवती किंचाळली, आणि इंदू मटकन पायरीवर बसली. स्वेटर हातातून गळून पडला.

आणि मग हौसाकाकी पायरी चढली. कोणी बोलावलं नाही, कोणी कुंकू लावलं नाही! एका ढांगेत वर!

‘रडायचं मागनं! रेवती, पयलं काय करायचं? सांग!’

‘फोन बंद, सिम बाहेर. मग बँकेला सांगून खातं गोठवायचं. आणि एकोणीसशे तीस या सरकारच्या नंबरावर फोनवरच्या चोरीची तक्रार. पण आमच्या घरात हा एकच फोन, आता कुणाच्या फोनवरनं करू? सुमनकाकीनं पण पत्रिका उघडली असणार, यशवंतकाकांनी पण...’

‘माझ्या फोनवरनं कर. मी न्हाई उघडली!’

अख्ख्या भावकीत स्वच्छ फोन कोणाचा उरला होता? रुसणाऱ्या काकीचा! जिला गाव हसत होता तिचा! लावला फोन. बँकेच्या मदत क्रमांकावर आधी ते संगीत वाजतं ना — हे दाबा, ते दाबा, थांबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे! शेवटी माणूस आला. तोही म्हणाला, ‘मॅडम, जरा थांबा.’ काकीनं फोन ओढून घेतला.

‘थांबा म्हंतोस व्हय, लेकरा? मी हितं धा वर्सं थांबल्याली बाई हाय, मला थांबायचं शिकवू नगंस. त्या खात्यात नुसता पैसा न्हाई, माझ्या दिराचं काळीज हाय. आधी कुलूप घाल, मग काय इचारायचं ते इचार!’

तो पलीकडचा मुलगाही कोणाचा तरी पुतण्या असेल. त्यानं आधी खातं बंद केलं, मग प्रश्न विचारले. चोरानं पहिला घास घेतला होता. खोटं कशाला सांगू? थोडा पैसा गेला. पण ताट वाचलं! तक्रार लगेच झाली म्हणून त्या गेलेल्यातलाही काही वाटेतच अडवता आला. तासभर उशीर झाला असता, तर दुसऱ्या दिवशी मिरजेला काय घेऊन गेले असते? दिनकरनं उठून भिंतीला धरून वहिनीपुढं हात जोडले. ‘वैनी...’

काकी म्हणाली, ‘झोप गप. छातीवर ताण आणू नगंस.’

मग इंदूनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आक्का, त्या दिवशी ओटीचं ताट मी भरून ठेवलं होतं. भाईर आले तर तुम्ही निघून गेल्याला. मला वाटलं, तुमाला माझं घर बघवंना, म्हणून गेलासा.’

‘आन् मला वाटलं, तू मुद्दाम इसरलीस.’

बघा मंडळी! दोघींनाही ‘वाटलं’! विचारलं कोणी? तेव्हा कोणीच नाही! इतकी वर्षं एका गल्लीत राहून, त्याच विहिरीचं पाणी पिऊन, एकीनंही विचारलं नाही. ती मोठी चोरी, मंडळी. तिची तक्रार कोणत्या नंबरावर करायची?

पण काकी तिथं रडत बसली नाही, आणि हे मला फार आवडतं! ती सरळ देवळात गेली. भोंगा लावायला सांगितला. आणि सगळ्या तांबडमाळात तिचा आवाज घुमला — ‘ऐका! मी हौसा बोलतीया! आमच्या रेवतीचं लगीन ठरल्यालं न्हाई! ज्येनी ज्येनी ती पत्रिका उघडली, त्येनी फोन बंद करा आन् बँकेत पळा! आमच्या घरचं कार्य निघंल तवा मी सोता दारात येईन!’

चेअरमनसाहेब धावत आले. घाबरलेले, आणि थोडे चिडलेलेही. ‘काकी, आम्ही तुमच्या घरचा मान राखला म्हणून उघडलं, आणि आम्हालाच भुर्दंड?’

काकीनं काय उत्तर दिलं? ‘मान राखायचा होता, तर इचारायला यायचं होतं.’

चेअरमनसाहेब तसेच बँकेकडं पळाले. त्या दिवशी गावातल्या बऱ्याच घरांची पुंजी वाचली, मंडळी. इंदूनं बँकेत जाऊन पैसे सोडवून घेतले, आणि दिनकरचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. शुद्धीवर आला तेव्हा उशाशी दोन बायका बसलेल्या होत्या, एकमेकींशी भांडत — पेज कोणी करून आणायची यावरून!

यावर मला दोन ओळी सुचल्या. बाळोबा, पेटी धरा!

*दारी आला कोण, आधी पुसावे नाव ।*
*मग उघडावे कवाड, मग द्यावा ठाव ॥*

म्हणा माझ्यामागं! ...मागच्या रांगेचा आवाज येत नाही! ...हां!

आता प्रश्नाकडं या. विश्वास शहाणा की संशय शहाणा? हौसाकाकीनं काय केलं? तिनं विश्वास मोडला नाही, संशय दाबला नाही, ती उठून विचारायला गेली. त्याच फोनवर उलट निरोप नाही पाठवला, कारण त्या फोनात चोर बसलेला! माणसाच्या तोंडाकडं बघून विचारलं. चोर सगळं चोरू शकतो, मंडळी — नाव, नंबर, फोटो, आवाजसुद्धा. पण समोरासमोर ‘कुणाचं लगीन, आक्का?’ म्हणताना इंदूच्या डोळ्यांत जो गोंधळ होता, तो चोराला आणता येत नाही!

आणि आता तुमच्याकडं वळतो. अंग चोरू नका! चोराला काय हवं असतं? त्याला हवी असते तुमची घाई — लगेच उघडा, आत्ता भरा, आज शेवटचा दिवस! आणि त्याहून जास्त हवं असतं तुमचं एकटेपण. म्हणून तो काय म्हणतो? ‘कोणाला सांगू नका.’ ज्याला घरात विचारायला माणूस आहे, ज्याला भावाच्या दारात जायला लाज वाटत नाही, त्याच्यापुढं चोराची डाळ शिजत नाही.

मग सांगा, या मांडवात किती जणांचं सख्ख्या माणसाशी बोलणं बंद आहे? हात वर करू नका. मला दिसू दे असं मी म्हणत नाही, देवाला दिसतं. तुमच्या फोनात त्यांचं नाव आहे. नंबर आहे. फोटोही आहे. पण फोन लावलेला नाही, कारण मान. उद्या त्याच नावानं निरोप आला — ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ — तर तुम्ही काय कराल? खरं असेल तर मदत राहील, खोटं असेल तर घर जाईल, आणि विचारणार कोणाला? बोलणंच नाही! तो अबोला तुम्ही जपून ठेवलात, आणि चोरानं त्यातूनच वाट काढली.

म्हणून मंडळी, सुरुवातीला म्हणालो ना, फोन बंद करू नका. काढा तो बाहेर. आत्ता. ज्याचा आवाज बरेच दिवस ऐकला नाही, त्याला लावा. ‘बरा आहेस ना?’ एवढंच विचारा. पुढचं त्याचं तो बोलेल. बोलला नाही तर उद्या त्याच्या अंगणात जाऊन उभे राहा.

बाळोबा, पेटी ठेवा खाली. तुम्हीसुद्धा! धाकट्या भावाला लावा, मला ठाऊक आहे सगळं.

आरतीची घाई नाही, मंडळी. तुमचं बोलून होईपर्यंत देव थांबेल.